कोरियनमधले सारख्या उच्चाराचे शब्द कसे लक्षात ठेवावेत

कोरियनची सुरुवात मराठी माणसाला तशी सोपी जाते. क्रियापद शेवटी, नामाला मागून प्रत्यय, सगळं ओळखीचंच. खरा कस लागतो तो टोपिक या कोरियन भाषेच्या परीक्षेच्या मधल्या पातळीवर, उताऱ्यांत चिनी मुळाचे शब्द दाटीने येऊ लागले की.

चिनीत या शब्दांची अक्षरं लिहायला वेगळी असतात आणि पुष्कळदा सुरांनीही वेगळी ओळखू येतात. कोरियनने ते सूर घेतले नाहीत, आणि हंगुल लिपीत उतरतो तो फक्त उच्चार. त्यामुळे 'सुदो' म्हणजे राजधानी आणि नळाचा पाणीपुरवठाही. 'उइसा' म्हणजे डॉक्टर, हेतू. आणि १९०९ साली हार्बिन स्थानकावर इतो हिरोबुमी या जपानी नेत्याला गोळ्या घालणाऱ्या आन जुंग-गनच्या नावापुढे लागतो तो 'उइसा' म्हणजे देशासाठी प्राण देणारा.

'संदर्भावरून कळेल' असं सगळे सांगतात. मला ते अपुरं वाटतं. सुटा शब्द पाठ करू नका, त्यातल्या चिनी अक्षराची भावंडं, म्हणजे तेच अक्षर असलेले शब्द, गोळा करा. 'बांगह्वा' घ्या. कोरियातल्या मोठ्या इमारतींत जिन्याकडच्या जाड दाराला 'बांगह्वामुन' म्हणतात, म्हणजे आग अडवणारं दार. बातमीतला 'बांगह्वाबम' मात्र आग लावणारा गुन्हेगार! पहिला 'बांग' येबांग (प्रतिबंध), बांगसू (वॉटरप्रूफ), गुकबांग (देशाचं संरक्षण) यांत भेटतो. सगळीकडे अडवणं, राखणं. दुसरा बांगहाक (शाळेची सुट्टी), बांगसोंग (प्रसारण), हेबांग (मुक्ती) यांत, सगळीकडे सोडणं. करभरणा आणि करकमल यांतल्या 'कर'ने आपला गोंधळ होत नाही, तसंच हे होतं.

वहीत एकेका उच्चाराला एक पान द्या आणि त्यावर अर्थांप्रमाणे रकाने पाडा. नावेर या कोरियन संकेतस्थळाच्या कोशात शब्दाशेजारी चिनी अक्षर दिलेलं असतं, ते रोज बघत जा. गिरवलं नाही तरी चालेल, ओळखता आलं म्हणजे झालं.

काही जोड्यांत क्रियापदावरही नजर हवी. 'यनपे' म्हणजे सलग पराभव आणि सलग विजेतेपदही! संघ यनपेत 'बुडाला' तर हरतोय, यनपे 'साधली' तर जिंकतोय.

अस्सल कोरियन शब्दांना ही युक्ती लागू पडत नाही. 'बे' म्हणजे पोट, होडी आणि नाशपाती. तिन्ही देशी शब्द, एकमेकांशी नातं नाही. ते वेगवेगळेच पाठ करा.