प्लास्टिकच्या धुरकट काचा पुन्हा आरपार कशा करायच्या

होडीच्या कापडी टपातली लवचीक खिडकी, केबिनची कडक झडप, गाडीचा हेडलाइट. या सगळ्यांना आपण काच म्हणतो, पण असतं प्लास्टिक, आणि तेही वेगवेगळं. गुंडाळता येतं ते पीव्हीसी, होडीच्या कडक खिडक्या बहुधा ॲक्रिलिकच्या, हेडलाइट पॉलिकार्बोनेटचा. एकाचा इलाज दुसऱ्याला चालेलच असं नाही.

पॉलिशची बाटली उघडण्याआधी काच नुसती ओली करून पाहा. ओली असेपर्यंत स्वच्छ दिसली आणि वाळल्यावर पुन्हा धुरकटली, तर बिघाड वरवरचा आहे: पाणी चऱ्यांत भरतं, उजेड विखुरत नाही. असा धुरकटपणा घासून जातो. ओली असतानाही धूसरच दिसली तर दोष आत आहे. ॲक्रिलिकमध्ये तिरप्या उजेडात चमकणारी चंदेरी जाळी किंवा कडक, तपकिरी झालेलं पीव्हीसी पॉलिशने सुधारत नाही, ते बदलायचंच. एक अपवाद आहे. ओलं असताना गुंडाळून ठेवलेलं पीव्हीसी दुधाळ दिसतं, कारण त्यात दमटपणा मुरलेला असतो. उबदार, हवेशीर जागी एक-दोन दिवस पसरून ठेवलं की ते बरेचदा आपोआप निवळतं.

बहुतेक चरे धुतानाच पडतात. कोरडं फडकं मारलं की धूळ आणि मिठाचे कण काचेवरून ओढले जातात. म्हणून आधी काही मिनिटं नुसतं पाणी सोडा. मग 5 लिटर कोमट पाण्यात चमचाभर सौम्य लिक्विड साबण घालून तळहाताने किंवा मऊ मायक्रोफायबरने वरून खाली हात फिरवा. हाताला खर लागली तर पुन्हा पाणी मारा. टिपून कोरडं करा. वर्तमानपत्र, टिश्यू पेपर नको. अमोनियावाला काचेचा स्प्रे, थिनर, ॲसिटोन, पेट्रोल यांपैकी काहीही नको. ॲक्रिलिकवर स्पिरिटही नको: स्क्रूच्या भोकांभोवती ताण असतो, तिथून बारीक तडे सुटतात. डास पळवणारं मलम लागलेल्या हातांचे ठसे पीव्हीसीवर आणि पॉलिकार्बोनेटवर कायमचे उठू शकतात, तेव्हा आधी हात धुवा.

बुरशीला पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात लावून 10 मिनिटं ठेवा, शिलाईवर मऊ ब्रश फिरवा, भरपूर पाण्याने धुवा. ब्लीच टाळा, त्याने दोरा कुजतो.

पीव्हीसीला वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर, लावू नका. खिडकी काढून टेबलावर टॉवेल पसरून त्यावर सपाट ठेवा, कारण लोंबत्या खिडकीवर दाब सारखा पडत नाही. प्लास्टिकसाठीचं बारीक पॉलिश वीतभर जागेवर हाताने घासा, पुसा, पुढे सरका. ज्या चऱ्यात नख अडकतं, तो पॉलिशने जाणार नाही.

ॲक्रिलिकचा खोल चरा काढायचा तर 800, मग 1200, मग 2000 नंबरचा वॉटर पेपर, कायम ओला. प्रत्येक नंबरला दिशा आडवी-उभी बदला, म्हणजे आधीच्या खुणा गेल्या की नाही ते कळतं. त्या पूर्ण गेल्याशिवाय पुढचा कागद उचलू नका. फक्त चऱ्यावरच घासत बसलात तर तिथे खळगा पडतो आणि पलीकडचं वाकडं दिसतं. आजूबाजूलाही रुंद घासत जा. शेवटी कंपाउंड (घासून चकाकी आणणारी पेस्ट) आणि फोमचा पॅड, मशीन 1500 आरपीएमच्या आत आणि सतत हलतं. ॲक्रिलिक साधारण 100 अंशांला मऊ पडतं. काच हाताला गरम लागली की थांबा.

हेडलाइटचा पिवळेपणा म्हणजे खराब झालेला वरचा संरक्षक थर. भोवतीच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन थर लावून 800, 1000, 2000, 3000 या क्रमाने ओलं घासा. सुरुवातीला पिवळट पाणी निघतं; ते पांढरं येऊ लागलं की जुना थर गेला. पहिल्याच कागदाला घाई केली तर जुन्या थराची बेटं राहतात आणि नंतर ती उठून दिसतात. कंपाउंडनंतर यूव्ही क्लिअर कोट, म्हणजे उन्हातले अतिनील किरण अडवणारा पारदर्शक थर, लावायलाच हवा, नाहीतर काही महिन्यांत पुन्हा पिवळं. टूथपेस्टने हेडलाइट चकाकतो खरा, पण ती फक्त घासते, ऊन अडवत नाही. कोट सावलीत, कोरड्या हवेत मारा आणि दिवसभर हात लावू नका. हेल्मेटच्या व्हायझरवर यातलं काहीच करू नका. चरे पडले की नवा घ्या.

पीव्हीसीची घडी घालू नका, मध्ये मऊ कापड ठेवून गुंडाळा, आणि थंडीत तर उलगडायच्या आधी जरा ऊब लागू द्या, नाहीतर तडकतं. टपाचा धातूचा पाइप उन्हात तापून जिथे टेकतो तिथे खिडकीवर तपकिरी पट्टा उमटतो. तेवढ्या भागात पाइपाला पांढरं कापड गुंडाळून टाका.