फीजोआचा ढीग आलाय? असा संपवा

ऑकलंडला मार्च-एप्रिल आला की कुणीतरी दारात फीजोआची पिशवी ठेवून जातंच, नको म्हणायची सोयच नाही. फळ मूळचं ब्राझील-उरुग्वेकडचं, पण इथे जवळजवळ प्रत्येक परसात झाड. पेरू-जांभळाच्या कुळातलं म्हणून पहिल्या वर्षी मी पेरूसारखं सालीसकट चावलं, आणि तोंड असं वाकडं झालं की बास!

तर आधी पिकलंय का ते बघा. रंगावर जाऊ नका, पिकलं तरी हिरवंच राहतं. झाडावरून तोडायचं नाही, खाली पडलेलं रोज उचलायचं. आडवं कापा, मधली जेली काचेसारखी दिसली तर लगेच खा, पांढरट असेल तर बाकीची दोन दिवस बाहेर ठेवा, आणि तपकिरी झाली असेल तर ते फळ गेलं. खायचं चमच्याने कोरून, अननस आणि पेरूची मिक्स चव, गर जरासा रवाळ.

कोशिंबीर बेस्ट होते. पाच-सहा फळांचा गर, घट्ट दही, मीठ, साखर, वरून तूप-जिरं-हिरवी मिरचीची फोडणी, फक्त ऐन वेळी करा कारण गर पटकन काळा पडतो. दुधात शिकरण मात्र करू नका, मी केलं, आंबटपणाने दूध फाटलं आणि सगळं सिंकमध्ये गेलं.

साखरांब्याला अर्धा किलो गर, 300 ग्रॅम साखर, अर्धं लिंबू, मंद गॅसवर तार येईपर्यंत. वेलची घालू नका हो, या फळाला स्वतःचाच एवढा वास असतो की वेलची उगाच मध्ये लुडबुडते.

तब्येतीचं म्हणाल तर 100 ग्रॅम गरात साधारण 33 मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी आणि 6 ग्रॅमच्या आसपास फायबर, म्हणजे पोट साफ व्हायला चांगलंच. पण शिजवलं की व्हिटॅमिन सी कमी होतं, म्हणून रोज दोन-तीन पिकलेली न शिजवता तशीच खा आणि उरलेल्यांचा साखरांबा.

आणि सालं फेकू नका! धुतलेल्या दहा-बारा फळांची सालं दोन वाट्या पाण्यात पंधरा मिनिटं उकळा, गाळा, गरम असतानाच वाटीभर साखर विरघळवा, गार झालं की बाटलीत भरून फ्रिजमध्ये. थंड सोड्यात दोन चमचे घातलं की मस्त गुलाबीसर सरबत होतं, आमच्याकडे पोरं कोल्ड्रिंक सोडून हेच मागतात.