इटलीची वाइन बॅगेत फुटू नये म्हणून

कियांती किंवा बारोलोची बाटली केबिन बॅगेत सहसा चालत नाही, आणि चेक-इनमध्ये फुटली तर कपड्यांवरचे डाग जाता जात नाहीत.

१. बाटली झिपलॉक पिशवीत घाला, हवा काढून बंद करा.
२. जाड मोजा चढवा. मान सगळ्यात नाजूक, तिथे आणखी एक. मग जीन्सच्या पायात सरकवून गुंडाळा.
३. बॅगेच्या मधोमध आडवी ठेवा, चहूबाजूंनी चार-चार बोटं कपडे. दोन बाटल्यांमध्ये स्वेटर हवाच. काच काचेवर आपटूनच बहुतेकदा घोटाळा होतो.

भरलेली बाटली सव्वा किलोच्या आसपास, जाड काचेची त्याहून जड. भारतात माणशी २ लिटरच मद्य करमुक्त, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या. सगळ्या मित्रांची खरेदी एकाच्याच बॅगेत कोंबू नका.