दोन लॅन पोर्टच्या कॉम्प्युटरवरून घरभर नेट कसं न्यायचं

आमचं घर नागपूरच्या महाल भागातलं, जुन्या बांधणीचं. भिंती इतक्या जाड, की समोरच्या खोलीतल्या राउटरचं वायफाय मागच्या खोलीत पोचेपर्यंत नावापुरतं उरतं. पुतणीचा ऑनलाइन क्लास सारखा अडकायचा. मधल्या खोलीतल्या माझ्या कॉम्प्युटरला मात्र दोन लॅन पोर्ट (नेटची केबल घालायच्या खाचा) आहेत, एक मदरबोर्डवरचा, दुसरा नंतर बसवलेल्या कार्डाचा. राउटरची केबल एकात होती, दुसरा रिकामा. त्यातून तिच्या लॅपटॉपला नेट दिलं. ते कसं, ते सांगतो.

एक आधीच स्पष्ट करतो. तुम्हाला एका केबलच्या चार करायच्या असतील, तर दुसऱ्या पोर्टाच्या मागे लागू नका. पाच पोर्टांचा साधा गिगाबिट स्विच (एका केबलच्या अनेक करणारी छोटी डबी) आणा, राउटरची केबल त्यात घाला, झालं. दोन पोर्टांच्या पद्धतीत कॉम्प्युटर बंद झाला की मागचं नेटही बंद. पण एकच लॅपटॉप जोडायचा असेल आणि कॉम्प्युटर तसाही दिवसभर चालू असेल, तर ती छान चालते.

केबल बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, सहज मिळते. कॅट ६ मागा, आणि आतली तार तांब्याचीच आहे ना, हे विचारून घ्या. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल स्वस्त पडते, पण टिकत नाही. कॅट ५ईसुद्धा १०० मीटरपर्यंत १ गिगाबिटचा वेग देते, घरात ती हाताशी असेल तर नवी घेऊ नका. क्रॉस केबल (दोन कॉम्प्युटर थेट जोडायला पूर्वी लागायची ती) मागायचीही गरज नाही, गिगाबिट पोर्ट ते आपसूक जुळवून घेतात. टोकं स्वतः बसवणार असाल तर दोन्हीकडे रंगांचा क्रम एकच ठेवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मधोमध निळी जोडी बसते, आणि घाईत नेमकी तिथेच चूक होते.

केबल कूलरच्या वायरीसोबत एकाच पट्टीत टाकू नका, आणि कूलरचं पाणी ठिबकतं त्या कोपऱ्यातून तर नेऊच नका. गच्चीवरूनही नको. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, त्या उन्हात घरातल्या केबलचं आवरण कडक होऊन तडकतं. शिवाय पावसाआधीच्या वादळात विजेची भीती असतेच.

आता सेटिंग. हे विंडोजचं सांगतोय.

आधी पोर्ट ओळखा. विंडोजचं बटण आणि ‘आर’ एकत्र दाबा, उघडलेल्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत ‘एनसीपीए डॉट सीपीएल’ टाइप करा. खिडकीत ‘इथरनेट’ आणि ‘इथरनेट २’ अशी दोन चित्रं दिसतील. राउटरची केबल क्षणभर काढा. ज्या चित्रावर नव्याने लाल फुली येईल, तो राउटरकडचा पोर्ट (रिकाम्या पोर्टावर ती आधीपासूनच असते). त्याचं नाव बदलून ‘बाहेर’ करा, दुसऱ्याचं ‘आत’. हे काम टाळू नका, पुढचा सगळा गोंधळ याच दोन नावांमुळे वाचतो.

मग लॅपटॉपची केबल ‘आत’मध्ये घाला. ‘बाहेर’वर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, शेअरिंगच्या टॅबवर जा, पहिल्या चौकोनात टिक करा आणि खालच्या यादीतून ‘आत’ निवडा. ओके दाबलं की विंडोज ‘आत’ला १९२.१६८.१३७.१ हा आयपी पत्ता (नेटवर्कमधला त्याचा क्रमांक) देतं आणि पुढच्या उपकरणांना स्वतः पत्ते वाटतं. लॅपटॉपवर काही भरायचं नाही, तिथलं सेटिंग ऑटोमॅटिकच राहू द्या.

नेट आलं नाही तर लॅपटॉपवरून आधी १९२.१६८.१३७.१ ला पिंग करा (कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजीत ‘पिंग’ लिहून पुढे पत्ता टाकायचा, उत्तर येतं का बघायचं), मग ८.८.८.८ या बाहेरच्या, गूगलच्या पत्त्याला. पहिलंच अडलं तर केबल किंवा फायरवॉल (नको ती जोडणी अडवणारी विंडोजची सोय) बघा. पहिलं चालून दुसरं अडलं तर शेअरिंग तपासा. दोन्ही चालतात पण वेबसाइट उघडत नाही, तर घोळ डीएनएसचा, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेचा.

पत्ते हाताने भरायची वेळ आलीच, तर एक गोष्ट पक्की धरा: डिफॉल्ट गेटवे फक्त ‘बाहेर’ला. ‘आत’मध्ये तो रकाना रिकामा. गेटवे म्हणजे ‘पत्ता ओळखीचा नसेल तर या दाराने जा’ अशी सूचना. मी पहिल्यांदा दोन्हीकडे भरला होता. नेट कधी चाले, कधी नाही, आणि अख्खी संध्याकाळ मी राउटर बंद-चालू करत बसलो. दोन्ही बाजूंचे पत्तेही वेगळ्या गटातले हवेत. राउटर १९२.१६८.१.१ वर असेल, तर ‘आत’ला १९२.१६८.१ ने सुरू होणारा पत्ता देऊ नका.

पुढे आम्ही ‘आत’च्या केबलला स्विच लावून प्रिंटरही तिकडे जोडला. दुसऱ्याच दिवशी वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, नेट तर चालून राहिलं, पण माझ्या मोबाईलवर प्रिंटर दिसून नाही राहिला.” प्रिंटर बिघडला नव्हता. या पद्धतीत आतली उपकरणं बाहेर जाऊ शकतात, पण राउटरच्या वायफायवरच्या मोबाईलला आतलं काहीच दिसत नाही. सगळ्यांना सगळं दिसायला हवं असेल तर शेअरिंगची टिक काढा, दोन्ही चित्रं एकत्र निवडून उजवं क्लिक करा आणि ‘ब्रिज कनेक्शन्स’ निवडा. मग सगळे राउटरकडूनच पत्ता घेतात. हाताने भरलेले पत्ते मात्र आधी काढून टाका. आमच्याकडे आता ब्रिजच आहे, आणि घरात तेच सोयीचं वाटतं.

तुम्ही शेअरिंगच ठेवलं, तर कॉम्प्युटर रीस्टार्ट झाल्यावर कधी कधी टिक दिसते पण नेट पुढे जात नाही. टिक काढून ओके करा आणि पुन्हा लावा. असं वारंवार होत असेल तर ‘सर्व्हिसेस’मध्ये इंटरनेट कनेक्शन शेअरिंगचा स्टार्टअप प्रकार ‘ऑटोमॅटिक’ करून बघा.