लाँगटेल मोटर : कार्बोरेटरला हात लावण्यापूर्वी

पुण्याहून सुमारे 100 किलोमीटरवर, भिगवणपाशी, उजनी धरणाचा फुगवटा पसरलेला आहे. पावसाळ्यानंतर तिथे कोणतीही मोटर चालते. परंतु उन्हाळ्यात पाणी हटले की काठालगत गुडघाभर पाणी आणि त्याखाली मऊ गाळ उरतो आणि साध्या आऊटबोर्डचा, म्हणजे होडीच्या मागे उभ्या लावायच्या मोटरीचा, पंखा त्यात रुतून बसतो. त्याच काठावर मी लाँगटेल मोटर जुळवायला शिकलो. हिचे हवेने थंड होणारे इंजिन होडीच्या मागच्या फळीवर बसते आणि लांब, तिरका शाफ्ट पंख्याला पाण्याच्या वरच्या थरातच फिरवतो.

माझ्याकडे 196 सीसीचे होंडा जीएक्स 200 इंजिन होते. पहिल्या उन्हाळ्यात इंजिन जोरात ओरडे, पण होडी उचल घेत नसे. दोष इंधनाचा समजून मी नाना पेठेतून जेट, म्हणजे इंधन सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या तोट्या, आणले आणि दोन रविवार कार्बोरेटर, म्हणजे इंधन आणि हवा मिसळणारा भाग, उघडण्यात घालवले. शेवटी तिथले एक वयस्क नावाडी म्हणाले, ‘‘साहेब, इंजिन कशाला उघडताय? पंख्याला पाणी मिळतंय का ते बघा आधी.’’ पंख्यामागे पांढरा फेस उठत होता, म्हणजे पंखा वरून हवा ओढत होता. मोटर ज्यावर टेकते ती बिजागरी चार बोटे खाली घेतली आणि जुन्याच जेटवर होडी सुटली.

म्हणून नवशिक्यांनी आधी बैठक जुळवावी, असे मी आग्रहाने सांगतो. मोटर मोकळी सोडल्यावर पंख्याची बाजू हळूच खाली जावी, पण एका हाताने सहज उचलता यावी. नाहीतर तासाभरात मनगट भरून येते. शाफ्ट तिरका असला, तरी इंजिनाचा कल 20 अंशांपलीकडे जाऊ देऊ नये, कारण आतील तेल शिंपडले जाऊनच वंगण होते. तेल जेमतेम 0.6 लिटर असते. त्याची पातळी इंजिन सपाट ठेवूनच पाहावी.

त्यानंतर पंखा. यासाठी साधा टॅकोमीटर, म्हणजे इंजिनाचे फेरे मोजणारे यंत्र, घ्यावा, कारण कानाचा अंदाज फसतो. होडीत नेहमीचे वजन ठेवून, मोकळ्या पाण्यात पूर्ण थ्रॉटल द्यावा. या इंजिनाची पूर्ण ताकद मिनिटाला 3600 फेऱ्यांवर मिळते. फेरे 2800 च्या आसपासच अडकले, तर पंखा इंजिनाला जड आहे, त्याचा व्यास किंवा पिच (पात्यांचा पीळ) कमी करावा. फेरे झटकन वर चढून होडी मात्र रेंगाळत असेल आणि मागे फेस नसेल, तर पंखा लहान आहे. वेगाच्या मोहाने गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचे फेरे मर्यादेत ठेवणारा भाग, काढू नये. चिखलातून पंखा वर उसळला की त्यावरचा भार क्षणात नाहीसा होतो आणि गव्हर्नर नसेल, तर कनेक्टिंग रॉड तुटण्यापर्यंत वेळ येते.

एवढे जमल्यावरही इंजिनाला धाप लागत असेल, तर स्पार्क प्लगच्या टोकांमधील अंतर 0.7 ते 0.8 मिलिमीटर आहे का ते तपासावे आणि मगच कार्बोरेटरकडे वळावे.

शाफ्टच्या नळीत ग्रीस भरताना पंख्याकडील सीलपाशी बोट लावून पाहावे. ग्रीस दुधाळ, करड्या रंगाचे आले, तर पाणी आत शिरले आहे आणि सील त्याच दिवशी बदलावे लागते. सील फाटण्याचे कारण बहुधा जलपर्णी असते. तिची मुळे पंख्याच्या मुळाशी दोरासारखी घट्ट गुंडाळली जातात. ती कापण्यासाठी होडीत सुरी असावीच, मात्र पंख्याला हात लावण्यापूर्वी इंजिन बंद करून प्लगची टोपी काढून ठेवावी.