दिवसभर प्रार्थना, रोज उपकारस्तुती: सवय कशी लावावी

‘निरंतर प्रार्थना करा, सर्व स्थितीत उपकारस्तुती करा (म्हणजे देवाचे आभार माना),’ असं येशूचा प्रेषित पौल यानं बायबलमधल्या थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात सांगितलं आहे. त्याच पत्रात आपापल्या हातांनी काम करा, असंही तो बजावतो. म्हणून ही सवय रोजच्या कामातच लावायची. त्यासाठी वेगळा रिकामा वेळ मिळण्याची वाट बघत बसू नये.

पहिली पायरी: तीन कामं निवडा. रोज न चुकता होतात अशीच घ्या. चहाचं आधण ठेवणं, घराला कुलूप लावणं, संध्याकाळी चपला काढून घरात शिरणं. प्रत्येक कामाला एका श्वासात संपेल एवढी छोटी प्रार्थना जोडा. लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातल्या जकातदाराची ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर’ ही उत्तम. पूर्वेकडच्या ख्रिस्ती मंडळ्या (ऑर्थोडॉक्स चर्च) हीच प्रार्थना थोडी वाढवून शतकानुशतकं म्हणत आल्या आहेत: श्वास घेताना ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा’, सोडताना ‘मज पाप्यावर दया कर’. महिनाभर वाक्य बदलू नका. रोज नवं वाक्य शोधायला लागलं की सगळं लक्ष शब्दांकडे जातं.

पहिले दोन आठवडे तीनच कामं ठेवा. उत्साहाच्या भरात दहा ठिकाणं ठरवली, तर आठवड्याभरात सगळीच सुटतात. मोबाइलच्या अलार्मवरही फार विसंबू नका. तो वाजतो तेव्हा आपण गर्दीत नाहीतर साहेबांसमोर असतो, आणि चार दिवसांत बोट तो न बघताच बंद करतं. कॅथलिक घरांत सकाळ, दुपार, संध्याकाळ आंजेलस (देवदूतानं मरीयेला दिलेल्या निरोपाची प्रार्थना) म्हणण्याची पद्धत आहे. ती असेल तर वेगळी वेळ ठरवायची गरजच नाही.

अचानक प्रसंग आला तर बायबलमधला नहेम्या आठवा. तो पारसाच्या राजाच्या चाकरीत होता. राजानं ‘तुझी मागणी काय?’ असं विचारलं, तेव्हा त्यानं आधी मनातल्या मनात स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली आणि मग उत्तर दिलं. फोन उचलण्यापूर्वी, डॉक्टरांच्या खोलीत शिरताना, मुलावर ओरडण्याआधी एवढं नक्की जमतं.

सकाळी मोबाइल हातात घेण्याआधी बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं एक स्तोत्र मोठ्यानं वाचा. ११९ वं स्तोत्र १७६ ओव्यांचं आहे. ते रोज आठ ओव्या असं २२ दिवसांत घ्या. बाकीची १४९ रोज एक. साधारण पावणेसहा महिन्यांत स्तोत्रसंहिता पूर्ण होते.

रात्रीची वही हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. साधी शंभरपानी वही, तारीख आणि तीन ओळी. ‘कुटुंबासाठी, आरोग्यासाठी, अन्नासाठी धन्यवाद’ असं लिहिलं की चौथ्या दिवशी हात लिहितो आणि मन भलतीकडे असतं. यावर उपाय म्हणजे ओळीत माणूस, वस्तू किंवा वेळ यांपैकी काहीतरी आलंच पाहिजे, आणि आठवड्यात तीच गोष्ट पुन्हा लिहायची नाही. उदाहरणार्थ: ‘प्रभू, नळाला आज पाणी उशिरा आलं, तेव्हा शेजारच्या मावशींनी न मागता दोन कळश्या दिल्या. तुझे आभार.’ ओळ देवाला उद्देशून हवी, नाहीतर ती नुसती नोंद होते. दुसऱ्या दिवशी त्या मावशींनाही आभार सांगा. येशूनं दहा कुष्ठरोगी बरे केले, आभार मानायला एकच परत आला. परतण्याचे ते कष्ट आपणही घ्यायचे.

लिहून झालं की दहा मिनिटं दिवस तपासा. सोळाव्या शतकात कॅथलिक संत इग्नेशियस लोयोला यांनी यासाठी पाच टप्पे सांगितले: आभार, आपली पापं दिसावीत म्हणून कृपेची मागणी, तासातासानं दिवसाची उजळणी, क्षमायाचना, सुधारण्याचा निश्चय; शेवटी प्रभूची प्रार्थना (‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’). हा क्रम मोडू नका. आभार वगळून थेट चुकांवर गेलं, तर मन एकतर स्वतःला झोडपत बसतं किंवा स्वतःची वकिली करतं. आणि हे खुर्चीत बसून करा. अंथरुणात तिसऱ्या टप्प्याआधीच डोळा लागतो.

इतरांसाठी: कोणी ‘प्रार्थनेत आठवण ठेवा’ म्हणालं, तर तिथेच अर्धा मिनिट नाव घेऊन प्रार्थना करा. व्हॉट्सॲपवर जोडलेले हात पाठवून पुष्कळदा प्रार्थना राहूनच जाते. नावं जास्त असतील तर वारांनुसार वाटून घ्या. दुसऱ्याच्या घरातली भांडणं किंवा आजार त्यांना न विचारता ग्रुपवर टाकू नका. प्रार्थनेची विनंती म्हणून पाठवली तरी ती चुगलीच ठरते.

जेवताना मुलांकडून पाठ केलेली प्रार्थना म्हणून घ्याच, पण नंतर एक प्रश्न विचारा: ‘आज तुला कोणी मदत केली?’ उत्तर आलं नाही तर पुढे वाढा. भाजी निवेपर्यंत आग्रह करू नका.

घरात आजारपण किंवा मृत्यू असेल तेव्हा तीन ओळींची सक्ती सोडा. दुःखाबद्दल आभार मानायला पौल त्या वचनात सांगत नाही. दुःखात असतानाही देवाकडे वळायला सांगतो. अशा वेळी १३ वं स्तोत्र वाचा: सहाच ओव्या, सुरुवात तक्रारीनं आणि शेवट गाण्यानं. तेही जड जात असेल तर ८८ वं घ्या. ते अंधारातच संपतं, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. स्वतःला वाचणं जमत नसेल तर मंडळीतल्या कोणाला तरी शेजारी बसून वाचायला सांगा, आणि तुम्ही फक्त ‘आमेन’ म्हणा.

मधले काही दिवस चुकले तर ती पानं कोरी सोडून आजची तारीख घाला. मागचं भरून काढू नका.