सीड ग्रँटचा प्रपोजल लिहिताय? आधी कॅलेंडर उघडा

सीड ग्रँटचं, म्हणजे शिक्षकांना छोट्या संशोधनासाठी मिळणाऱ्या सुरुवातीच्या अनुदानाचं, परिपत्रक आलं की पुण्यातल्या कुठल्याही स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न असतो "किती मिळणारेत?" आणि दुसरा "गेल्या वर्षीचा कुणाचा फॉर्म आहे का?". विचारा की, पण शिकवणं सुधारण्यावर काम करायचं असेल तर त्याआधी बघायची गोष्ट म्हणजे पैसे खात्यात येतील तेव्हा मुलं वर्गात असतील का. केमिस्ट्रीवाल्यांचं सॅम्पल फ्रीजमध्ये थांबतं हो, आपलं सॅम्पल दिवाळीला गावाला जातं, नगरला, बीडला, सोलापूरला, आणि आल्यावर सबमिशन सुरू.

मंजुरी, मग अकाउंट सेक्शन, मग रक्कम जमा, यात पहिली सेमिस्टर जाते असंच धरून चाला. आणि आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, ते काही तुमच्यासाठी थांबत नाही. म्हणून पहिल्या सेमिस्टरला बिनपैशाची कामं टाका, म्हणजे चाचणी तयार करणं, ती दहापंधरा मुलांवर वापरून बघणं, परवानग्या, संमतीपत्रं. खरा प्रयोग दुसऱ्या सेमिस्टरच्या पहिल्या सहा-आठ आठवड्यांत उरका, कारण त्यानंतर इंटर्नल, प्रॅक्टिकल परीक्षा आणि गॅदरिंग यात वर्ग भरतच नाही. हे सगळं महिन्यांच्या तक्त्यात मांडलं की समितीला लगेच कळतं, या माणसाने विचार केलाय.

आता विषय. "उच्च शिक्षणाची गुणवत्ता वाढवण्यासाठी आयसीटीचा परिणामकारक वापर : एक अभ्यास" असलं शीर्षक दिसलं की वाचणारा तिथेच दमतो. सीड ग्रँट म्हणजे मोठ्या ग्रँटआधीची चाचपणी, तिच्यात एकच छोटा प्रश्न मावतो. उदाहरणार्थ, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुलं एफवायबीएस्सीला येतात, कॅल्क्युलसची व्याख्या इंग्रजीत लिहून घेतात, पाठही करतात, पण लिमिट म्हणजे काय विचारलं की गप्प. मग प्रश्न असा : लेक्चरच्या आधी त्याच भागाची दहा मिनिटांची मराठी क्लिप दिली तर संकल्पनेवरच्या प्रश्नांत फरक पडतो का? बस, एवढाच. यात कोण, काय, किती दिवस, मोजणार कसं, सगळं आलं. आणि कृपा करून प्रस्तावनेची सुरुवात १८४८ च्या भिडेवाड्यापासून करू नका, पुण्यातल्या समितीला तो पाठ आहे, नवीन शैक्षणिक धोरण २०२० चे परिच्छेद चिकटवणंही तसंच. ती जागा तुमच्याच वर्गाच्या आकडेवारीला द्या, गेल्या दोनतीन वर्षांचा त्या पेपरचा निकाल परीक्षा विभागाकडून काढा.

डिझाइनमध्ये, म्हणजे प्रयोगाच्या आखणीत, सगळ्यात जास्त प्रपोजल पडतात, म्हणून इथे जरा थांबू. नेहमीची युक्ती म्हणजे ए डिव्हिजनला नवीन पद्धत, बी ला जुनी, शेवटी मार्कांची तुलना. अडचण अशी की डिव्हिजन कधी मेरिटप्रमाणे पडलेली असते, कधी विषयांच्या ग्रुपप्रमाणे, दोघांचे सर वेगळे, एकाचं लेक्चर सकाळी साडेसातला आणि एकाचं जेवणानंतर, मग फरक क्लिपमुळे पडला की झोपेमुळे ते कसं सांगणार? त्यापेक्षा ट्युटोरियलच्या बॅचेसमधून चिठ्ठ्या टाका, किंवा सरळ रोल नंबरवर लॉटरी करा, क्लिपची लिंक कुणाला द्यायची ते त्यातून ठरवा (मुलं लिंक एकमेकांना पाठवणारच, म्हणून चाचणीच्या दिवशी "क्लिप पाहिली का" हा प्रश्न सगळ्यांनाच विचारा). उरलेल्यांना पुढच्या युनिटला क्लिप द्या, म्हणजे कुणावर अन्यायही नाही आणि तुलना दोनदा मिळते.

संख्येचं एक लक्षात ठेवा. दोन गटांत मध्यम फरक, म्हणजे अर्ध्या प्रमाण विचलनाएवढा (मार्क सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं हे माप), ८० टक्के खात्रीने पकडायचा तर लक्षणीयतेच्या नेहमीच्या ५ टक्के पातळीला प्रत्येक गटात साधारण ६४ मुलं लागतात. वर्गात तीसच असतील तर "लक्षणीय परिणाम सिद्ध करू" असं लिहूच नका, "पद्धत वर्गात राबवता येते का आणि परिणामाचा अंदाज किती" असं लिहा, सीड ग्रँटला तेवढं पुरतं.

प्री-टेस्ट, म्हणजे प्रयोगाआधीची चाचणी, हवीच. ती न घेता नुसते शेवटचे मार्क दाखवले तर आधीच हुशार असलेली मुलं कुठल्या गटात होती ते कळत नाही. फिजिक्स शिक्षणात यासाठी एक सोपं माप चालतं, विद्यार्थी जेवढं वाढू शकला असता त्यातलं प्रत्यक्ष किती वाढला, म्हणजे पोस्टमधून (नंतरच्या चाचणीतून) प्री वजा, भागिले शंभरमधून प्री वजा, दोन्ही मार्क टक्क्यांत. रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये ६२ कोर्सेसमधल्या साडेसहा हजार विद्यार्थ्यांवर हेच माप लावलं, नेहमीच्या लेक्चरच्या कोर्सेसची सरासरी ०.२३ आली आणि मुलांना वर्गात विचार, चर्चा करायला लावणाऱ्यांची ०.४८. समितीत सायन्सवाले असतील तर त्यांना हे लगेच पटतं. विश्लेषणाला महागडं सॉफ्टवेअर मागू नका, आर किंवा जामोव्ही फुकट आहे.

परवानग्यांना लोक फार हलकं घेतात. आपलीच मुलं आपल्यालाच "नाही" कशी म्हणणार? म्हणून संमती दुसऱ्या सहकाऱ्याने घ्यायची, आणि सहभागाचा इंटर्नलच्या मार्कांशी काही संबंध नाही हे लेखी द्यायचं. एफवायला १७ वर्षांची मुलंही असतात, त्यांच्यासाठी पालकांची सही. झेडपीच्या शाळेत जाणार असाल तर जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र, मनपाची शाळा असेल तर मनपाच्या शिक्षण विभागाचं. मुख्याध्यापक ओळखीचे आहेत, "या कधीही" म्हणाले, यावर कागद होत नाही. शाळेतल्या विषयांवर काम असेल तर कुमठेकर रस्त्यावरच्या एससीईआरटीत (शिक्षकांच्या प्रशिक्षणाचं काम बघणारी राज्याची परिषद) एक चक्कर मारा, तसलंच प्रशिक्षण तिकडून आधीच सुरू असेल तर तुमची तुलनाच बिघडते.

बजेट थोडक्यात. लॅपटॉप मागितला की प्रपोजल संशोधनाचं न राहता खरेदीचं दिसतं. छपाई, माहिती गोळा करणाऱ्याचं मानधन, प्रवास, रेकॉर्डिंगचा माइक, एवढं पुरे, आणि प्रत्येक रकमेसमोर हिशोब (किती प्रती, किती दराने). बिलं जीएसटीची, संस्थेच्या नावाने, माइक आला की डेड स्टॉक रजिस्टरला (टिकाऊ वस्तूंच्या वहीत) नोंद, नाहीतर युटिलायझेशन सर्टिफिकेटच्या, म्हणजे पैसे कशावर खर्च झाले त्या दाखल्याच्या, वेळी सीए अडवतो.

आणि संकोचू नका. कॉलेज-विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या विद्यापीठांसाठीच्या मॅन्युअलमध्ये तिसऱ्या निकषाखाली शिक्षकांना सीड मनी किती दिलं हे विचारलेलं आहे, म्हणजे द्यायची गरज त्यांनाही आहे. रिपोर्ट देताना क्लिपचा उपयोग झाला नाही असं निघालं तरी तसंच लिहा, चाचणी आणि नावं काढलेला डेटा जोडा. आयसीएसएसआरकडे (सामाजिक शास्त्रांच्या संशोधनाला पैसे देणारी परिषद) किंवा शालेय विषय असेल तर एनसीईआरटीच्या एरिककडे (त्यांची शैक्षणिक संशोधन समिती) मोठा प्रकल्प मागताना तुमच्याकडे दाखवायला तीच फाइल असणार आहे.